अकरावा विडा

कमळ पहिल्यांदा नजरेत भरली ती शाळेच्या कुंपणापाशी. कशेळीच्या त्या शाळेला तेव्हा पक्की भिंत नव्हती. तारेचं कुंपण, त्यापलीकडे गोडाऊनकडे जाणारा रस्ता आणि त्याच्या मागं खाडीतली तिवरांची झाडी. मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडून ओळीनं बसली की एक उंच, वाळकी बाई रस्त्याच्या कडेला येऊन उभी राही. बघे ती एकाच मुलीकडे, पहिलीतल्या भाविकाकडे. भाविका डबा संपवून नळाकडे गेली की बाईही चालू लागे. तिनं मुलीला कधी हाक मारली नाही, कधी खाऊ दिला नाही. मात्र रस्त्यावरून एक पांढरी जीप येताना दिसली की ती पटकन वळून तिवरांकडे तोंड करी आणि जीप जाईपर्यंत तशीच उभी राही.

ही कमळ. आसपासच्या गावांत तिला सगळे ओळखत, कारण ती धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी येण्याआधी धवलारीण येते. ती धवले गाते, म्हणजे गाण्यातून देवांना लग्नाचं आमंत्रण देते, एकेकाला नावानं हाक मारून मांडवात बसवते. कमळचा आवाज गोड नव्हता, पण रुंद होता. कंटेनरचे ट्रेलर रस्त्यावरून जात असले तरी तो ऐकू येई. पोथी नाही, कागद नाही. चारशेच्या वर ओळी तिला पाठ होत्या आणि अक्षर एक येत नव्हतं.

हे गाणं तिला तिच्या काशीआत्यानं शिकवलं. नवरा गेला तेव्हा कमळ तिशीचीही नव्हती, पदरात भूपेश. आत्या तिला खाडीकाठी घेऊन बसे आणि ओहोटीच्या वेळी गायला लावी, समोर नुसता चिखल आणि बगळे. कमळचा आवाज दबला की आत्या तिच्या पाठीत बुक्की घाली.

"देवाला बोलावतंस का चोरी करतंस?" आत्या म्हणे. "मोकल्या गल्यानं बोलव. घाबरून बोलवलेला देव मांडवाचे बाहेरच उभा रातो."

देवांच्या मागून घरातल्या मेलेल्यांना बोलवायचं असतं. आजा, पणजा, सासू, जाऊ, अकाली गेलेलं पोर. धवलारीण एकेक नाव घेते आणि घरधनी प्रत्येक नावाला एक विडा मांडतो, पानावर सुपारी ठेवून. विडा मांडल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही आणि नाव घेतल्यावर विडा मांडेपर्यंत तीच ओळ म्हणत राहायची. काशीआत्यानं हा नियम फार कडक सांगितला होता. "मेलेल्याला पन मान लागतो गो. ज्याला बोलवला न्हाय, तो बाहेर उभा रातो. कुनाला दिसत न्हाय. आपल्याला दिसतो."

त्या वेळी कमळ हसली होती.

कमळची खोली रामनाथदादांच्या जागेत होती; ती पांढरी जीप त्यांचीच. दादांची भातशेती गेली तिथं गोडाऊनं आली. एकाची सात झाली, आणि सातव्याच्या मागच्या भिंतीला लागून जुन्या काळापासून कमळची कौलारू खोली. कागदपत्र काही नव्हतं. दादा राहू देत होते म्हणून ती राहत होती. भूपेश मोठा झाला तेव्हा दादांनीच त्याला गेटवर ड्युटी दिली. दादा कधी आवाज चढवत नसत, हे त्यांच्याविषयी सांगायलाच हवं. ते रागावले की उलट विचारपूस करत. "कमळ, छप्पर गलतंय का गो तुझा?" असं दादांनी हसून विचारलं की कमळचे हात पुढचे दोन दिवस गार असत.

दादांचा मुलगा मनोज. त्याची बायको वैशाली, आत वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका गावातली, शेतकऱ्याची मुलगी. मनोज दारू प्यायचा आणि मारायचा. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण शेजारच्या दोन घरांमधली भिंत एकच होती. एकदा वैशाली शेजारच्या लडकूच्या घरी जाऊन बसली. दादा दुसऱ्या दिवशी लडकूकडे गेले, चहा प्याले, त्याच्या टेम्पोची चौकशी केली. त्या आठवड्यापासून लडकूच्या टेम्पोला दादांच्या सातही गोडाऊनांत एक फेरी मिळाली नाही. मग वैशालीला गावात कुणी बस म्हणेना.

ती शेवटी कमळकडे आली. आषाढातली दुपार, पाऊस थांबलेला. कमळ दाराशी तांदूळ निवडत होती. लांबून वैशाली येताना दिसली, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही, आणि कमळ सूप घेऊन आत गेली. दाराला कडी घातली. घातल्यावरही हात कडीवरच ठेवला.

"काकी," बाहेरून आवाज आला. "मना एक रात राऊ द्या. सकालच्या एसटीनं माहेरी जातंय."

कमळनं कडी आणखी घट्ट धरली.

"काकी, तुमी आतच हाव. मना दिसलात तुमी."

"बाय, घरी जा," कमळ आतून म्हणाली. "दादांना कललं तं माझा छप्पर जाईल. माझा पोर हाय गो."

वैशाली म्हणाली, "बरा," आणि गेली. रागानं नाही. पाणी मागावं आणि घरात पाणी नाही असं कळावं, तसं "बरा".

तिसऱ्या दिवशी ती खाडीत सापडली, भरतीनं तिवरांत आणून सोडलेली. शॉर्टकटनं जाताना पाय घसरला असं घरच्यांनी सांगितलं आणि पोलिसांच्या कागदावरही तसंच आलं. घसरला की कसं, ते कुणालाच माहीत नाही, आजही नाही. तिची मुलगी भाविका तेव्हा तीन वर्षांची होती. वर्ष पुरं व्हायच्या आत मनोजचं दुसरं लग्न झालं. दादांनी एवढंच केलं, की त्या घरात वैशालीचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं. तेही ओरडून नाही. कुणी चुकून घेतलं की ते त्याच्या तब्येतीची चौकशी करत.

त्या दारामागच्या दुपारविषयी कमळ कुणाशी बोलली नाही. भूपेशलाही नाही.

त्यानंतरचं पहिलं लग्न तिच्या वाट्याला आलं ते काल्हेरला, भलत्याच घरातलं. देव बसले, मेलेल्यांची नावं सुरू झाली, आणि गाता गाता कमळची नजर मांडवाच्या तोंडाशी गेली. चपलांच्या ढिगाजवळ एक बाई उभी होती. साडी ओली, अंगाला चिकटलेली. आत येत नव्हती. कुणी ये म्हणेल म्हणून थांबावं, तशी थांबली होती. कमळची ओळ अडखळली. मागं म्हणणाऱ्या बायकांनी सावरून घेतली, आणि पुन्हा बघितलं तर तिथं नुसत्या चपला.

मग प्रत्येक लग्नात तसंच होऊ लागलं. काल्हेर, पूर्णा, कोपर, पिंपळास. ती कधी मंडपाच्या खांबामागं, कधी आचाऱ्याच्या चुलीपलीकडे. मागत काही नसे. कमळनं हाक मारली असती तर चाललं असतं कदाचित, पण दुसऱ्याच्या घरात तिचं नाव कसं घेणार? आणि जिथं घ्यायचं तिथं घेण्याची हिंमत नव्हती. दादांच्या घरात त्या वर्षांत तीन लग्नं झाली, पुतण्यांची. तिन्ही वेळा कमळनं नावं म्हटली आणि वैशालीपाशी येताच पुढं गेली. तिन्ही वेळा खाडीच्या चिखलाचा वास मांडवात आला. इतर बायकांना आला का, हे तिनं विचारलं नाही.

शाळेच्या कुंपणाशी ती का उभी राहायची, ते आता सांगायला नको.

अशी एकोणीस वर्षं गेली. भाविका बी.कॉम. झाली, माणकोलीच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात बसू लागली, आणि तिचं लग्न ठरलं. दादांनी कमळला बोलावून घेतलं. आता त्यांची सत्तरी उलटून गेली होती, गुडघे गेले होते, पण आवाज तसाच मऊ. त्यांनी एक कागद पुढं केला.

"यात दहा नावा हायेत. भूपेशकडनं वाचून घे. हीच घ्याची, हेच क्रमानं." मग, "भूपेश बरा हाय ना गो? रातपाली मानवते ना त्याला?"

भूपेशनं घरी कागद वाचून दाखवला. दादांचे आजे, वडील, आई, काका, भाऊ, एक लहानपणी गेलेली बहीण. "आये, दादांनी त्यांचे घोड्याचा पन नाव घातलाय बघ. हा शेवटचा लक्ष्मन म्हंजे टांग्याचा घोडा नव्हता का?"

"चूप. तो त्यांचा चुलतभाऊ व्हता."

"मंग वैशालीवैनी?" भूपेशनं विचारलं, आणि आईचं तोंड बघून कागदाची घडी घातली.

दोन दिवसांनी भाविका स्वतः आली, ऑफिसातून सुटल्यावर, खांद्याला बॅग. कमळच्या उंबऱ्यावर बसली. तिचं बोलणं शहरातलं.

"कमळआजी, एक विचारायचं होतं. मांडवाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांची नावं घेता ना? मग आईचं पण घ्याल?"

"दादांना विचारलंस?"

"विचारलं. ते म्हणाले, तुझा बी.पी. वगैरे बघून घे लग्नाआधी." भाविका हसली आणि हसता हसता तिचा चेहरा लहान झाला. "मला तिचा चेहरा आठवत नाही. फोटो सगळे काढून टाकलेत. मला वाटतं, मांडवात तुम्ही हाक मारलीत तर ती निदान येऊन जाईल. नाही मारली, तर मी तिला न सांगता लग्न केल्यासारखं होईल."

"बघू गो बाय," कमळ म्हणाली.

'बघू' म्हणजे नाही, हे भाविकाला समजत होतं. ती पाणीही न पिता उठली.

कमळ त्या रात्री जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशीही तिला अन्न गेलं नाही. भर दुपारी ती गावदेवीच्या देवळात गेली. देऊळ खाडीच्या बाजूला, दोन गोडाऊनांच्या मधल्या बोळात राहिलेलं आहे. त्या वेळी तिथं कुणी नसतं. कमळ आतल्या खांबाच्या आडोशाला, भिंतीला टेकून बसली. देवीकडे तोंड करायचीही तिची तयारी नव्हती.

थोड्या वेळानं बाहेर गाडी थांबली. ड्रायव्हरनं दार उघडल्याचा आवाज, काठीचा आवाज. रामनाथदादा. ड्रायव्हरला त्यांनी पायरीवरूनच परत पाठवलं. देवळाच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला ते कमळनं ऐकलं, प्रत्येक पायरीला एक थांबा आणि धाप. आत येऊन त्यांनी कठडा धरला. कमळ त्यांच्यापासून आठ हातांवर होती, पण अंधारात. ती सवयीनं आक्रसली.

"आये," दादा देवीला म्हणाले. तो मऊ आवाज नव्हता. म्हाताऱ्याचा होता, फाटका. "तिला येऊ नको देऊ. मांडवात येऊ नको देऊ. रोज येते. माझे पलंगापाशी उभी रातेय, साडीतून पानी गलतंय. मी सगल्यांची तोंडा बंद केली, ती तरी येते. आता मी मरायला आलू. तिला आवर."

मग ते रडले. नाक शिंकरलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि पायऱ्या उतरायला ड्रायव्हरला हाक मारली. उतरताना एका हातानं ड्रायव्हरचा खांदा, दुसऱ्या हातानं भिंत.

गाडी गेली तरी कमळ तिथंच होती. ज्या माणसाच्या हसण्यानं तिचे हात गार पडत, तो माणूस तीन पायऱ्या एकटा उतरू शकत नव्हता. तो मरणार होता, तीही मरणार होती, आणि दोघंही एकाच ओल्या साडीला घाबरत होती. एवढ्यासाठी तिनं दाराची कडी धरून ठेवली होती.

ती देवीसमोर आली. गावदेवी म्हणजे काही फार मोठी मूर्ती नाही; शेंदूर लावलेली शिळा आणि चांदीचे डोळे. त्या डोळ्यांसमोर कमळनं पहिल्यांदा सगळं तोंडानं बोलून टाकलं. सूप उचललं ते, कडी घातली ते, "तुमी आतच हाव" ते, आणि "बरा". बोलताना तिला वाटत होतं की आता काहीतरी होईल, देवी तोंड फिरवेल. काही झालं नाही. बाहेर एक ट्रेलर मागं घेत होते, त्याची पी-पी चालू होती.

आणि मग तिच्या ध्यानात आलं, की देवीला हे आज कळत नव्हतं. त्या दुपारी, त्याच क्षणी तिला कळलं होतं. तरीसुद्धा एकोणीस वर्षं, कमळनं ज्या ज्या मांडवातून हाक मारली त्या त्या मांडवात देवी आली होती. काल्हेरला आली, पिंपळासला आली. याच तोंडानं, याच गळ्यानं मारलेल्या हाकेला आली. एकदाही म्हणाली नाही की तुझ्या हाकेनं मी येणार नाही.

कमळनं पायरीवर कपाळ टेकलं. पायरी गार होती. लहानपणी ताप आला की आई कपाळावर हात ठेवायची तेवढी गार. ती किती वेळ तशी होती ते तिला सांगता येत नाही. उठली तेव्हा भूक लागली होती.

संध्याकाळी ती माणकोली नाक्यावर भाविकाची वाट बघत थांबली. शेअर रिक्षांच्या रांगेशेजारी, हॉर्नच्या गोंगाटात, तिनं नातीच्या वयाच्या त्या मुलीला कडीची गोष्ट सांगितली. काही गाळलं नाही.

भाविका म्हणाली, "म्हणजे तुम्ही दार उघडलं असतं तर..."

"व्हय."

"आणि शाळेपाशी उभ्या राहायचात, ते म्हणून?"

"व्हय, बाय."

रिक्षा भरली. रिक्षावाला ओरडला, "चलो मॅडम, कशेली, कशेली!" भाविका चढली आणि तिनं वळून पाहिलं नाही.

मांडवाचा दिवस उजाडला. दादांच्या दारातला मांडव म्हणजे अर्धं गोडाऊनच. वर झुंबरं, चारी बाजूंनी मोठाले पंखे. मागं म्हणणाऱ्या बायकांत बारकूबाय होती, कमळच्या बरोबरीची, तोंडानं फटकळ.

"गो कमळ, तो पंखा बघ. धवला हिकडं म्हनायचा आनि आईकू जायचा पार टेमघरला."

"तुझा आवाज तरी जाईल तिथपर्यंत," कमळ म्हणाली. "बाकी तू कुठं जातंस!"

बायका हसल्या. कमळ पाटावर बसली. समोर तांदळाची रास, कलश, आणि दहा पानं दहा सुपाऱ्यांसह तबकात मोजून ठेवलेली. रामनाथदादा खुर्चीवर, कारण त्यांना खाली बसता येत नव्हतं. विडे मांडायला त्यांच्या पायाशी मनोज. मनोजही आता पन्नाशीला आलेला, केस गेलेले, दारू डॉक्टरनं बंद केलेली. पलीकडे हळदीच्या साडीत भाविका. ती कमळकडे बघत नव्हती.

कमळनं सुरुवात केली. गणपती आला. एकवीरा आली, वज्रेश्वरी आली, गावदेवी आली. प्रत्येक देवाला तिनं मोकळ्या गळ्यानं बोलावलं, आणि काशीआत्या गेल्यापासून कदाचित पहिल्यांदाच तिला ते खरोखर आत येऊन बसताना जाणवले. खुर्चीवर बसलेला माणूस त्यांच्या मानानं फार लहान दिसत होता.

मग नावं. आजा, विडा. वडील, विडा. दादा प्रत्येक नावाला मान हलवत होते. दहावा लक्ष्मण झाला, तबक रिकामं झालं, दादांनी सुस्कारा सोडला.

कमळनं पदराची गाठ सोडली. त्यात एक पान होतं आणि एक सुपारी. ती तिनं पुढं ठेवली आणि ओळ घेतली:

"ये गो वैशाली बाय, तुझे लेकीचे मांडवा,
पान ठेवलाय तुना, बस देवांचे सांगाता."

मागून कुणी म्हटलं नाही. मांडवात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला.

"कमळ," दादा हळूच म्हणाले. "बरी हायस ना गो?"

धवला सुरू असताना धवलारणीनं कुणाशी बोलायचं नसतं. कमळनं तीच ओळ पुन्हा म्हटली. मांडवाच्या तोंडाशी, चपलांजवळ ती उभी होती. कमळला दिसत होती. दादांची नजरही तिकडेच खिळली होती, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनाही दिसत असावी.

तिसऱ्यांदा ती ओळ एकटीनं म्हटली. चौथ्यांदाही. विडा मांडेपर्यंत पुढं जायचं नाही. मनोज पानाकडे बघत बसला होता, हात मांडीवर. पाचव्या वेळी कमळच्या आवाजाला मागून एक आवाज येऊन मिळाला, बारकूबायचा, घोगरा. सहाव्या वेळी आणखी दोघी. सातव्या वेळी सगळ्या.

तेव्हा भाविका उठली. नवरी अशी मधे उठत नाही. तिनं कमळच्या पुढचं पान उचललं. उचलताना क्षणभर कमळकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात माफी होती असं कमळ आजही म्हणत नाही. पण राग नव्हता एवढं सांगते. पान आणि सुपारी तिनं बापाच्या हातात ठेवली.

"पप्पा, ठेवा."

मनोजनं अकरावा विडा मांडला. सुपारी दोनदा घरंगळली. मांडून झाल्यावर तो तिथंच वाकून राहिला, तोंड वर केलंच नाही.

रामनाथदादा काठी टेकत उठले आणि घरात गेले. कमळनं पुढची ओळ घेतली. घेता घेता चपलांकडे पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं. आत येऊन बसली, की आलीच नाही आणि निघून गेली, ते तिला कळलं नाही. वास मात्र होता, खाडीचा, हळदीत मिसळलेला, संध्याकाळपर्यंत.

लग्न नीट पार पडलं. आठवड्यानं दादांचा निरोप आला, मागची भिंत वाढवायची आहे, खोली मोकळी करून द्या. भूपेशची ड्युटीही गेली. त्याची बायको रडली, भूपेश आईवर दोन दिवस चिडला, मग टेम्पोवाल्या लडकूनं त्याला स्वतःबरोबर घेतलं. सामान हलवताना कमळ दादांना सांगायला गेली. ते पलंगावर होते.

"जातंय मी, दादा."

"छप्पर..." दादा म्हणाले.

"दादा, ती अजून येते का?" कमळनं विचारलं.

त्यांनी मान हलवली, हो.

"तिला बस म्हना," कमळ म्हणाली. "त्या दिशी मी न्हाय म्हटला तिला. तुमी तरी म्हना." तिनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि निघाली.

दादा त्या चैत्रात गेले. त्यांनी तसं म्हटलं की नाही, कुणाला माहीत नाही. त्यांच्या घरच्या पुढच्या लग्नात, एका नातवाच्या, कमळनं त्यांचंही नाव घेतलं, बारावं, आणि कडेला भिंतीशी कुणी उभं आहे का ते पाहिलं. तिला आता मांडवाबाहेर कुणी दिसत नाही. कधी कधी तिला त्याचीच चुटपुट लागते, आणि ओळ संपवून ती जरा जास्त वेळ थांबते. देवीजवळ ती अजून रोज ते सगळं सांगते. सांगितलं की बरं वाटतं म्हणते, आणि देवीला कंटाळा येत नाही म्हणते. भाविका बदलापूरला असते. दिवाळीत तिचा फोन येतो. दोघी हवापाण्याचं बोलतात.

कमळ आता टेमघरला राहते, भूपेश, सून आणि दोन नातवंडांबरोबर, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. गेल्या मार्गशीर्षात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा अजून काढायचा आहे.